अकरा घरांच्या किल्ल्या

किल्ली फिरली नाही. आत गेली ती अर्धीच. नेहमीसारखं दार स्वतःकडे ओढून मनगटाला झटका देऊन पाहिला, तरी ती जागची हलेना. आधी वाटलं, चुकून दुसरीच आणली. पण वरच्या मजल्यावरच्या रुचिताची किल्ली मी डोळे मिटूनही ओळखते. तिच्या टोकाला बारीक खरखर आहे, तिच्या नवऱ्यानं, विनीतनं, एकदा त्याच किल्लीनं तेलाच्या डब्याचं झाकण उचकटलं होतं तेव्हापासूनची. साडेबारा वाजले होते, शाळेची रिक्षा नुकतीच गेली होती, आणि त्यांची मुलगी श्रिया माझ्या मागे दप्तर पाठीवर घेऊन उभी होती. रोजच्यासारखी भूक लागली म्हणून कुरकुर करत नव्हती. नऊ वर्षांची पोर गप्प उभी राहिली तेव्हाच मला कळायला हवं होतं. "आजी, ती नाही लागणार," ती शेवटी म्हणाली. "पप्पांनी संडेला लॅच चेंज केलं." मग तिनं कंपासपेटी उघडली आणि पेन्सिलींच्या खालून एक नवीकोरी, चकचकीत किल्ली काढली. "मम्मीने मला दिलीये. बोलली, आजींना एवढ्यात सांगू नको, त्यांना वाईट वाटेल." "कशाचं ग वाईट वाटेल?" "लॅचचं. त्या साताऱ्याच्या आजीच्या पाटल्या गेल्या ना, म्हणून बदललं." एका फटक्यात दार उघडून ती आत गेली, चपला उडवल्या आणि हाक मारली, "या ना आजी, वरण गरम करायचंय." गेली चार वर्षं त्या उंबऱ्यातून मी रोज आत जात होते. आज मला तो ओलांडता आला नाही. मी तिला बाहेरूनच सांगितलं, गॅस बारीक ठेव, पातेलं फडक्यानं धर, आणि ती जेवून उठेपर्यंत जिन्याच्या पायरीवर बसून राहिले. किल्ली मुठीतच होती.

मी सरोज आठल्ये, वय एकाहत्तर. डोंबिवली पूर्वेच्या आमच्या तीन मजली सोसायटीत, पहिल्या मजल्यावर, अडतीस वर्षं राहते. बारा बिऱ्हाडं. त्यातल्या अकरांच्या किल्ल्या माझ्या स्वयंपाकघराच्या दारामागे एका फळीवर आहेत. फळी माझ्या नवऱ्यानं, प्रभाकरनं केली, नव्या घराची कपाटं करून उरलेल्या प्लायची, तिला पितळी हूक मारून. कुठल्याही हुकावर नंबर नाही की नाव नाही. "चोर आला तर त्याला काय कळणार कुठली कुणाची," तो म्हणायचा आणि स्वतःच्या हुशारीवर खूश व्हायचा. हे सुरू कसं झालं ते मला चांगलं आठवतं, कारण तेव्हा मी चिडले होते. फोर्टातल्या टेलिफोन एक्स्चेंजमधली माझी नोकरी माझा मुलगा सलिल दोन वर्षांचा झाल्यावर मी सोडली होती, तोही आजारी आणि मीही दमून भुईला टेकलेली, आणि इथे राहायला येऊन आठवडा व्हायच्या आत समोरच्या बाई सकाळी सात वाजता दारात आल्या आणि किल्ली पुढे करून म्हणाल्या, "सिलेंडर यायचाय. तुम्ही घरीच असता ना?" त्या 'घरीच'मधला च मला दिवसभर टोचला. पण सिलेंडर मी घेतला. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरची किल्ली आली, मग वरची. वर्षभरात फळी भरली. माणसं बदलली, घरं विकली गेली, नवी आली, आणि नवीन येणाऱ्याला जुना जाताना सांगून जायचा, पाणी सकाळी सहाला येतं, कचरेवाला आठला, किल्ली आठल्ये काकूंकडे.

ही सगळी माणसं उजाडायच्या आत जायची आणि अंधार पडल्यावर यायची. मधले बारा तास त्यांची घरं माझी असायची. माझी म्हणजे माझ्या जिवावरची. कुणाचा गीझर राहिला, कुणाचा नळ. कुणाचं पोर शाळेतून तापानं फणफणत आलं. विरारच्या ऑफिसातून, अंधेरीच्या ऑफिसातून फोन यायचे. पुढे मोबाईल आले तसे जास्तच यायला लागले. "काकू, जरा बघता का? इस्त्री चालू राहिली की काय, जिवाला घोर लागलाय." मी जायची, बघायची, बंद असलेली इस्त्री बंद आहे असं सांगायची. तेवढ्यानं तिकडे त्या बाईचा जीव भांड्यात पडायचा आणि ती कामाला लागायची. एकदा दुसऱ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या आई खुर्चीत बसल्या बसल्या गेल्या. मी औषध द्यायला गेले तर हातात जपमाळ आणि मान कलती. मुलगा चर्चगेटला. त्याला पोचायला पावणेतीन तास लागले आणि तेवढा वेळ मी त्यांचा गार होत चाललेला हात धरून बसले, कारण हात सोडला तर आपण कुणाला तरी एकटं टाकलं असं वाटत होतं. मुलगा आला तो आधी माझ्या पाया पडला, मग आईच्या. हे सगळं कुठे लिहिलेलं नाही. ही माणसं रोज जायची त्या शहरात जी काही मोठी मोठी कामं झाली असतील, इमारती, हिशेबाची खाती, कोर्टातले निकाल, त्यांत आमच्या जिन्यावरच्या माझ्या फेऱ्याही आहेत. हे मी कुणाला म्हटलं तर हसतील. हसू देत.

आणि मी पाहिलं काय काय! तांदळाच्या डब्यामागची बाटली, गादीखालचं नापासाचं प्रगतिपुस्तक, देवघरात तस्बिरीमागे ठेवलेला एका परक्या बाईचा फोटो. एका शब्दानं कुठे बोलले नाही. प्रभाकरलाही नाही. मी माझे नियम केले होते. दुसऱ्याच्या घरात बसायचं नाही, फ्रीज उघडायचा नाही, पाणी प्यायचं नाही. काम झालं की दार ओढून परत. एकदाच मी कुणाचा हुकूम मोडला. वरच्या मजल्यावरची जया नवऱ्याशी भांडून माहेरी निघून गेली, आंबिवलीला. दुसऱ्या दिवशी तिचा नवरा येऊन मला दम देऊन गेला, "ती आली तर किल्ली द्यायची नाही." चौथ्या दिवशी दुपारी ती आली, डोळे सुजलेले, अंगावर बहिणीची साडी. तिला तिची सर्टिफिकिटं हवी होती, नोकरीसाठी. मी किल्ली दिली. नुसती दिली नाही, बरोबर गेले, पिशवी धरली, कपाटावरची सुटकेस उतरवायला मदत केली. संध्याकाळी तो माझ्या दारात येऊन आरडाओरडा करून गेला, प्रभाकर मध्ये पडला म्हणून बरं. "किल्ली घराची आहे आणि घर दोघांचं आहे," मी म्हटलं, "तुमची एकट्याची असेल तर ही घ्या परत." त्यानं घेतली नाही. दुसऱ्याच दिवशी त्याचा दूधवाला यायचा होता.

तर अशी मी. पण त्या दुपारी पायरीवर बसून माझा जो जीव खालीवर होत होता तो नुसत्या अपमानानं नव्हता. दुसरंही काही होतं आणि ते मी स्वतःपाशीसुद्धा धड म्हणत नव्हते. त्या पाटल्या मला माहीत होत्या. गेल्या दिवाळीच्या आधी एका सकाळी रुचितानं शीळफाट्यावर अडकलेल्या कंपनीच्या बसमधून फोन केला, "काकू, गीझर चालू राहिलाय बहुतेक, प्लीज बघा ना." आदल्या दिवशी ती कुणाच्या तरी लग्नाला गेली होती. मी गेले, गीझर बंदच होता. बेडरूमच्या आरशासमोर, कंगव्याच्या आणि टिकल्यांच्या पाकिटाच्या शेजारी, पाटल्या नुसत्या पडलेल्या. जुन्या घडणीच्या, रुंद, तिच्या सासूनं, मालनबाईंनी, साताऱ्याहून आणून दिलेल्या. मला परत फिरायला हवं होतं. मी फिरले नाही. माझ्या पाटल्या आमचं घर घेताना विकल्या, त्याच्याच भिंतींत गेल्या, शहाऐंशी साली, आणि त्यानंतर माझ्या हातांना सोनं लागलं नाही. प्रभाकर होता तोवर दर वर्षी म्हणायचा, पुढच्या वर्षी करू. मी त्या उचलल्या. हाताला जरा पाणी लावलं आणि घातल्या. आरशात पाहिलं. एक एकाहत्तरीला टेकलेली बाई, गाऊनवर ओढणी घेतलेली, दुसऱ्याच्या घरात, मनगटं वर करून उभी. दोन मिनिटं असेन मी तशी. मग काढल्या, होत्या तिथे ठेवल्या, खिडकी लावली, दार ओढलं. संध्याकाळी रुचिताला म्हटलंही, "पाटल्या बाहेर होत्या ग, आत ठेव." घातल्याचं काही म्हटलं नाही. हे का म्हणायचं, आणि कुणाला? पण आता त्या गेल्या होत्या, आणि त्या दोन मिनिटांमुळे मी इतरांपेक्षा थोडी जास्त संशयित आहे असं माझं मलाच वाटायला लागलं. चोरी केली नाही तरी मनात चोरटेपणा शिरतो, आणि माणूस बघता बघता आपल्याच नजरेत खाली येतो. मला या गोष्टीचा राग आला. रुचिताचा नाही, या खाली येण्याचा.

दोन दिवसांनी सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरी सर्वेशचा मेसेज आला. सुरक्षेच्या कारणास्तव सर्व सभासदांनी आपापल्या जादा किल्ल्या परत घ्याव्यात. आठल्ये काकूंना विनंती की किल्ल्या पाकिटात घालून, वर फ्लॅट नंबर लिहून, वॉचमनच्या केबिनमधल्या डब्यात ठेवाव्यात. खाली हात जोडलेले. कुठेही पाटल्यांचा उल्लेख नाही, चोरीचा नाही, माझ्यावर संशय आहे असा तर मुळीच नाही. किती सभ्य माणसं! जिन्यात भेटली तर हसत होती, नेहमीपेक्षा जरा जास्तच. डबा मी जाऊन पाहिला. मिठाईचा होता, झाकणाला फट पाडलेली. अडतीस वर्षं प्रत्येकानं किल्ली माझ्या हातात दिली होती, डोळ्यांत बघून, बरेचदा अजीजीनं. आता परत न्यायला कुणाला माझं तोंड बघायचं नव्हतं. मी सलिलला फोन केला. तो माजिवड्याला बाविसाव्या मजल्यावर राहतो, तिथे दाराला किल्लीच नाही, बोट लावलं की उघडतं. "आई, दे ना टाकून त्या डब्यात. सुटशील एकदाची," तो म्हणाला. "तुला कशाला नसत्या लष्कराच्या भाकऱ्या? तू इकडेच ये बघू." "आणि लोक म्हणतील, पाटल्या घेऊन मुलाकडे गेली," मी म्हटलं. "अगं, कोण म्हणतंय असं?" "कुणीच म्हणत नाहीये. तेच तर." मग त्याला मीटिंग होती.

मी चष्मा लावला आणि ग्रुपवर लिहिलं. एका बोटानं टाइप करते, त्यामुळे वेळ लागला. ज्यांना किल्ली हवी असेल त्यांनी माझ्या दारी यावं, मागावी आणि का हवी ते सांगावं. मी कुणाच्याही किल्ल्या डब्यात टाकणार नाही. सरोज आठल्ये. पाठवलं आणि फोन समोर ठेवून बसले. दुसऱ्या मजल्यावरच्या कुणीतरी होकाराचा अंगठा टाकला, तो पाच मिनिटांनी काढून घेतला. बाकी शुकशुकाट. शुक्रवार गेला, शनिवार गेला. रविवारी सगळे घरात होते, वरून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या, टीव्ही ऐकू येत होते. मी दार सताड उघडं टाकून हॉलमध्ये बसले होते. एकही माणूस आला नाही. फळीवर अकरा किल्ल्या तशाच, त्यातली एक आता कुठल्याच दाराची नव्हती. संध्याकाळी मला रडू आलं आणि ते मी येऊ दिलं. मग तोंड धुतलं, भात टाकला, आणि भात शिजेपर्यंत माझं ठरलं. कुणी म्हणत नसेल तर मी म्हणायला लावीन.

सोमवारी सकाळी पावणेआठला रुचिता जिना उतरताना मी पहिल्या मजल्यावर साडी नेसून, पिशवी घेऊन उभी होते. विनीत साडेसहालाच जातो. मला बघून ती थबकली. "काकू, कुठे निघालात?" "तुझ्याबरोबर. पोलीस चौकीत. तुझ्या पाटल्यांची तक्रार करायला." तिचा चेहरा पांढरा पडला. "काकू, श्रियाने सांगितलं का? अहो, तसं काही नाहीये. तुम्ही उगाच टेन्शन घेताय. विनीत बोलला लॅच जुनं झालेलं, म्हणून..." "रुचिता, किती दिवस झाले पाटल्या जाऊन?" "तीन आठवडे." "तीन आठवडे सोनं गेलंय आणि तुम्ही तक्रार केली नाहीत. का?" ती घड्याळाकडे बघायला लागली. "कारण पोलीस विचारतील किल्ली कुणाकडे असते, आणि तुम्हाला माझं नाव सांगावं लागेल. माझी दया आली म्हणून तुम्ही गप्प बसलात, हो ना? मला नकोय ती दया." "काकू, माझी बस आहे हो आठ पाचची." "जाऊ दे बस." मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला असं म्हटलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते बससाठी होतं की माझ्यासाठी, देव जाणे. पण ती माझ्याबरोबर चालायला लागली. आम्ही रिक्षा केली. तिच्या डब्याची पिशवी आमच्या दोघींच्या मध्ये होती आणि भाजीचा वास येत होता, वांग्याच्या.

चौकीतले हवालदार नुकतेच येऊन टेकले होते. त्यांनी रुचिताचं सगळं लिहून घेतलं, कधी पाहिल्या, कुठे ठेवल्या, घरात कोण कोण येतं. "किल्ली आणखी कुणाकडे?" तिनं माझ्याकडे बघितलं. "या काकूंकडे." हवालदारांनी पेन थांबवलं. "मग यांच्यावर संशय आहे का?" मी तिच्याकडे बघत राहिले. तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. "संशय असा नाही," ती म्हणाली, "पण... म्हणजे किल्ली त्यांच्याकडेच असायची. दुसरं कुणी आत जात नव्हतं. विनीत पण तेच बोलला. मी नाही बोललेले, पण रात्री झोप लागायची नाही." एवढं बोलून ती रडायला लागली. मला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर मला मोकळं वाटलं. तीन आठवडे हे वाक्य जिन्यातून, दारांमागून माझ्याभोवती फिरत होतं, आता ते तोंडातून बाहेर पडलं आणि त्याला उत्तर देता येणार होतं.

"आता माझा जबाब घ्या," मी म्हटलं. "आजी, तुमचा कशाला? तुम्ही जा घरी, लागलं तर बोलवू." "नाही, आत्ताच घ्या." त्यांनी नाइलाजानं दुसरा कागद ओढला. मी सांगत गेले. किल्ली चार वर्षं माझ्याकडे. रोज साडेबाराला दार उघडते, मुलीला जेवू घालते. पाटल्या मी घेतलेल्या नाहीत. "आणि हेही लिहा," मी म्हटलं. "गेल्या दिवाळीआधी एकदा त्या आरशापुढे पडलेल्या होत्या. तेव्हा मी त्या हातात घातल्या होत्या." रुचिताचं रडणं थांबलं. "तुम्ही घातल्या होत्या?" "हो. दोन मिनिटं. मग परत ठेवल्या." "पण काकू, तुम्ही कधी बोलला नाहीत..." "आज बोलले. छान दिसत होत्या माझ्या हातात." ती माझ्याकडे बघतच राहिली, आणि मला वाटतं मी किल्ल्यांच्या फळीजवळ उभी असलेली काकू सोडून आणखी कुणी असेन हे तिला त्या क्षणी पहिल्यांदा दिसलं. हवालदार म्हणाले, "आजी, हे लिहू नका म्हणत असाल तर नाही लिहीत. उगाच तुमच्यावरच यायचं." "खरं आहे ते सगळं लिहा. अर्धं लिहिलंत तर मी सही करणार नाही."

त्यांनी लिहिलं. मग कागद माझ्यापुढे सरकवला आणि बोट ठेवून म्हणाले, इथे सही. मी वरून वाचायला घेतलं. सरोज प्रभाकर आठल्ये, वय ७१ वर्षे, धंदा घरकाम, राहणार डोंबिवली पूर्व. मी थांबले. "हे धंदा घरकाम खोडा." "मग काय लिहू? रिटायर?" "लिहा, सोसायटीतल्या अकरा घरांच्या किल्ल्या सांभाळते. अडतीस वर्षं." "आजी, असा काही धंदा नसतो." "मी करते म्हणजे असतो. घरकाम मी माझ्या घरात करते, त्याचा इथे काय संबंध? इथे मला ज्या कामासाठी उभं केलंय तेच लिहा." ते रुचिताकडे बघायला लागले, तिनं समजवावं म्हणून. तिचा फोन वाजत होता, ऑफिसचा असणार. ती फोनकडे बघत म्हणाली, "काकू, प्लीज. घरकाम काय आणि ते काय, सहीच तर करायचीये. दुसरी बस पण जाईल माझी." मी तिला बाकावर बसायला सांगितलं. यांच्या बसेस, यांच्या गाड्या, यांचे मस्टर मी अडतीस वर्षं डोळ्यांत तेल घालून सांभाळले. कुणाला माझ्यामुळे एक मिनिट उशीर झाला नाही. आज होईल.

हवालदारांनी एक मोठा उसासा टाकला, ओळ खोडली आणि वर बारीक अक्षरात मी सांगितलं ते लिहिलं. मी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला, आणि कागद पहिल्या ओळीपासून नव्यानं, एकेक शब्द, वाचायला सुरुवात केली.